मामूंचा स्टिरिओ

'वूफर' या शब्दाला आमच्या खानदेशात फारशी इज्जत राहिलेली नाही. वूफर म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक रचलेली काळी खोकी आठवतात. वरात कोणाचीही असो, मिरवणूक कोणत्याही समाजाची असो, खोकी तीच. ती चौकात आली की दुकानांची शटरं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून घरात जातात. रिक्षावाल्यांनी सीटखाली बसवलेले वूफर वेगळेच. मशिदीतल्या बुजुर्गांपासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळे या खोक्यांच्या विरोधात आहेत. आम्हीही विरोधातच होतो आणि वरातीतल्या खोक्यांपुरते अजूनही आहोत. तरीही 2022 च्या हिवाळ्यात आम्ही घरात एक वूफर आणला, आणि तोही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासाठी.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. दोघं भाऊ जळगावात, मेहरूणला, एकाच घरात राहतो. आपा धुळ्यात देवपूरला. ज्यांच्यासाठी वूफर आणला ते आमचे मामू, अम्मीचे धाकटे भाऊ. 1976 साली ते कुवेतला गेले. तिथं एसी दुरुस्तीचं काम करायचे. 1989 च्या सुट्टीत ते आले, त्याच्या आधी त्यांची एक लाकडी पेटी आली. पेटी जहाजानं मुंबईला, तिथून रेल्वेनं चाळीसगावला आणि चाळीसगाव-धुळे पॅसेंजरनं धुळ्याला पोचली. आत जपानी बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन लाकडी स्पीकर. पेटी उघडताना अर्धी गल्ली दारात उभी होती. अब्बांनी पेटीचे खिळेसुद्धा जपून ठेवले होते.

पुढच्याच वर्षी, 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. मामूंचं घर, अवजारं, बँकेतले पैसे, चौदा वर्षांची कमाई तिथंच राहिली. इराकमधून जॉर्डन, जॉर्डनच्या वाळवंटातली छावणी, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोन-अडीच महिन्यांत एक लाखाहून जास्त हिंदी माणसं अशीच परतली. मामू मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी होती. काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत थोडी भरपाई मिळाली, ती भाच्यांच्या लग्नांत खर्ची पडली. कुवेतची म्हणावी अशी वस्तू एकच उरली, हा स्टिरिओ. त्यामुळे तो विकायचा, बदलायचा किंवा 'एक्स्चेंज'मध्ये देऊन नवा आणायचा विषय आमच्या घरात निघत नाही. जे काही करायचं ते त्याला ठेवून, त्याच्या शेजारी बसवून करायचं.

स्टिरिओची पहिली बावीस वर्षं धुळ्याच्या जुन्या भागातल्या आमच्या धाब्याच्या घरात गेली. धाब्याचं घर खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर, हेच छत. भिंतीही मातीच्याच, हातभर जाड. उन्हाळ्यात धुळ्याचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला तरी आत पंख्यावर भागतं. अशा भिंतींचा दुसरा गुण आम्हाला ते घर सुटल्यावर कळला. आतला आवाज त्या आतच ठेवतात. मामू रात्री दहापर्यंत कव्वाली लावून बसायचे, पण शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. 2011 च्या पावसाळ्यात घराची एक बाजू खचली. मामू आणि स्टिरिओ दोघंही जळगावला आमच्याकडे आले. इथलं घर स्लॅबचं. मामूंची खोली बारा बाय दहाची, खाली शहाबादी फरशी, आणि शेजारच्या घराशी सामाईक भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची. या भिंतीची गोष्ट पुढं येणार आहे.

मुसलमानाच्या घरात एवढं गाणं कसं, हा प्रश्न आम्हाला पूर्वी विचारला गेला आहे आणि हा अंक वाचणाऱ्यांपैकीही काहींच्या मनात येईल. गाण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते शेकडो वर्षांपासून आहेत आणि ते मिटवायला आम्ही बसलेलो नाही. एवढंच सांगतो की आमच्या खानदेशावर ज्या फारुकी सुलतानांनी दोनशे वर्षं राज्य केलं, त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर. त्या शहराला नाव दिलं गेलं ते खुलताबादला दफन असलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद समाचे, म्हणजे कव्वालीच्या मैफलीचे, एवढे चाहते होते की त्यांच्या नाचण्याच्या ढंगाचीही त्या काळी चर्चा होती. मामू वाद घालत नाहीत. अजान झाली की सुई उचलतात, नमाज पढून आले की ठेवतात.

मामूंनी हळूहळू सुई ठेवणं बंद केलं, ते आमच्या लवकर लक्षात आलं नाही. 2019-20 च्या सुमारास स्टिरिओवर कापड पडलेलं दिसू लागलं. विचारलं तर म्हणायचे, "अब मजा नहीं आता." आम्ही वयाला दोष दिला. मग बोलण्यातही 'सात' आणि 'साठ' यांची गल्लत व्हायला लागली. सून 'चहा' म्हणाली की ते 'क्या?' म्हणायचे. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि एक आलेख हातात दिला. डावीकडून उजवीकडे 250, 500, 1000, 2000, 4000, 8000 असे आकडे. आवाज सेकंदाला किती वेळा कंप पावतो ते हे आकडे सांगतात, त्याला हर्ट्झ म्हणतात. आकडा लहान तर आवाज जाड, मोठा तर बारीक. मामूंची रेघ 250 आणि 500 वर जवळपास ठीक होती. हजारानंतर ती उतरायला लागली आणि 4000 ला पार खाली बसली. म्हातारपणी कान असाच वरून झिजत येतो, बारीक आवाज आधी जातात. चौदा वर्षं कॉम्प्रेसरच्या घरघरीत काम केलेल्या माणसाचा 4000 च्या आसपासचा कान आणखी आधी जातो, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

तो आलेख आम्ही घरी आणून बराच वेळ बघत बसलो. माणसाच्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या बाजूला असतात. स, श, फ, त ही अक्षरं वरच्या बाजूला, दोन हजारांच्या पुढं. मामूंना कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, त्याचं कारण हेच. आमच्याकडे चांगलं उर्दू बोलणाऱ्याला 'शीन-काफ दुरुस्त' म्हणतात. मामू त्या बाबतीत फार कडक. लहानपणी आम्ही 'शौक'ला 'सौक' म्हटलं की कान पिळायचे. त्याच मामूंच्या कानातून सगळ्यात आधी शीनच गेला होता. कव्वालीतल्या टाळ्या गेल्या, हार्मोनियमचे वरचे सूर पातळ झाले. उरलं ते खालचं.

पण खालचं तरी त्यांच्या स्टिरिओतून कुठं येत होतं? हा प्रश्न आमच्या भाच्यानं, आपाच्या धाकट्यानं काढला. तो आयटीआय करून आता इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्त्या करतो. त्याचं म्हणणं, बडे मामूंच्या स्पीकरमधला मोठा कोन साडेसहा इंचांचा आहे. सत्तर हर्ट्झच्या खाली तो हवा हलवूच शकत नाही. ढोलकच्या डाव्या बाजूची घुमक, तबल्याचा डग्गा, यांचा जीव शंभरच्या आसपास आणि त्याच्याही खाली असतो. मग इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो ती ढोलक कुठली? त्याचं उत्तर ऐकून आम्ही थक्क झालो. मूळ जाड स्वर गायब असला तरी त्याच्या वरचे जे उपस्वर असतात, त्यांच्यामधल्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर ओळखतो आणि तो ऐकू आला असं मानून चालतो. लहानशा ट्रान्झिस्टरवर डग्गा ऐकू येतो तो असा. मामूंची पिढी चहाच्या हॉटेलांबाहेर उभी राहून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत वाढली. त्या रेडिओच्या वीतभर स्पीकरमध्ये नसलेला डग्गा हजारो माणसांनी आपापल्या डोक्यात वाजवून घेतला आणि तृप्त होऊन घरी गेली.

त्यात आणखी एक भर. आवाज कमी ठेवला की माणसाच्या कानाला सगळ्यात आधी खालचे स्वर ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे 1933 साली मोजून दाखवलं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं जे बटण असतं, ते हळू आवाजात खालचे स्वर उचलून धरण्यासाठीच. जळगावच्या घरात शेजाऱ्यांचा विचार करून मामू आवाज कमी ठेवायचे. म्हणजे वरचं वयानं नेलं होतं आणि खालचं या कमी आवाजात बुडत होतं.

भाच्यानं सांगितलं, वूफर लावू या. तयार पेटी विकत घेण्याऐवजी त्यानं ती स्वतः बांधली. गोलाणी मार्केटमधून दहा इंची स्पीकर आणि मागं बसवायचा अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा आणला. सुताराकडून अठरा मिलिमीटरच्या एमडीएफची पेटी करून घेतली, आतून साठ लिटरची. म्हणजे पंधरा किलोच्या तेलाच्या जवळपास चार डब्यांएवढी जागा. पेटीला पुढून एक गोल भोक आणि त्यात नळी बसवायची होती. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते, तशीच ही पेटीही घुमते. किती स्वरात घुमवायची ते नळीची जाडी आणि लांबी ठरवते. भाच्यानं गणित करून चार इंची पाइपाचा दहा इंच तुकडा सांगितला, म्हणजे पेटी पस्तीस हर्ट्झच्या आसपास घुमेल. आता जळगाव म्हणजे पीव्हीसी पाइपांचं गाव. भवरलाल जैनांच्या कारखान्यानं या जिल्ह्यातल्या केळीच्या बागांत पाइप पोचवले आणि गावात कुठल्याही गल्लीत पाइपाचा तुकडा मागितला तर चार मिळतात. आमचा तुकडा शेजाऱ्यांच्या बांधकामातून उरलेला होता, फुकट मिळाला. मामू तो पाइप पेटीत बसताना बघून म्हणाले, "ये गाना सुनने का है या पानी भरने का?"

खरी अडचण जोडणीची होती. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरना मागं 'सबवूफर' असं लिहिलेलं भोक असतं. 1989 च्या यंत्राला ते कुठून असणार? कॅसेट भरण्यासाठी आवाज बाहेर देणारी जागा होती, पण तिच्यातून येणारा आवाज बटणाबरोबर कमी-जास्त होत नाही. मामूंनी स्टिरिओ हळू केला तरी वूफर आपला त्याच जोरात ठोकत राहिला असता. म्हणून भाच्यानं दोन्ही स्पीकरना जाणाऱ्या तारांनाच जोड दिली आणि त्या वूफरच्या पत्र्यावर नेल्या. तिथं आवाजाचा जाड भाग तेवढा निवडला जातो आणि बारीक भाग सोडून दिला जातो. स्टिरिओच्या आतल्या एकाही तारेला हात लावला नाही. ही अट मामूंची होती. "असली में नकली मत मिलाओ," एवढंच ते म्हणाले होते. वूफर काढून टाकला तर स्टिरिओ पेटीतून निघाला तसाच आहे, हे त्यांना आम्ही दोन-तीनदा पटवून दिलं.

दोन स्पीकरना एक वूफर कसा पुरतो, असं आपानं फोनवर विचारलं. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेनं येतो ते कानाला सांगताच येत नाही. शिवाय रेकॉर्डवर जाड आवाज बहुतेक दोन्ही बाजूंना सारखाच कोरलेला असतो, नाहीतर सुई उडते. म्हणून एक पुरतो आणि तो खोलीत कुठंही ठेवता येतो.

'कुठंही' हा शब्द फसवा निघाला. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटरची असते, म्हणजे आमच्या खोलीच्या दुपटीहून मोठी. बारा फुटांच्या खोलीत सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींत अडकतो. भिंतीजवळ तो कानठळ्या बसवतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मामूंचा दिवाण नेमका मध्यावर. यावर जाणकारांनी एक उपाय शोधलेला आहे, दिसायला तो फार विनोदी आहे. वूफर उचलून ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथं ढोलक सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल, तिथं वूफर ठेवायचा. मामू दारात खुर्चीवर आणि त्यांच्या दिवाणावर वूफर. आम्ही दोघं पन्नाशी उलटलेले भाऊ आणि भाचा फरशीला कान लावून गुडघ्यांवर. शेजारचा मुलगा खिडकीतून डोकावून म्हणाला, "काका, काय हरवलं?"

जागा सापडली. मग उरली ती दिशा जुळवण्याची बाब. स्पीकर आणि वूफर एकाच वेळी पुढं ढकलत असतील तर आवाज भरतो. एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय असं झालं तर दोघांच्या सीमेवरचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. त्यासाठी मागं एक छोटी कळ असते, इकडे किंवा तिकडे. कुठली बाजू बरोबर ते आम्हा तिघांना नीट कळेना. मामूंनी चपला काढल्या, तळपाय फरशीवर टेकवले आणि म्हणाले, "अब करो." कळ इकडे, कळ तिकडे. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला. ज्यांना सून काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, त्यांनी पायांनी ऐकून निवाडा दिला. भाच्यानं नंतर फोनमधल्या मोजमापानं तपासलं, बाजू तीच होती.

इथपर्यंत सगळं छान. पण त्याच आठवड्यात भाच्यानं एक गोष्ट सांगितली ती आम्हाला लागली. जाड आवाज वाढला की तो बारीक आवाजाला झाकून टाकतो. उलटं होत नाही, बारीक आवाज जाडाला झाकत नाही. कानाची रचनाच तशी आहे. ज्याचा वरचा कान आधीच गेलेला आहे, त्याला याचा त्रास जास्त. म्हणजे वूफर जितका मोकळा सोडू, तितके मामूंच्या वाट्याला उरलेसुरले शब्दही जाणार. ढोलक द्यायची आणि कलाम काढून घ्यायचा, असा हा सौदा होता. कव्वालीत कलाम म्हणजे सर्वस्व. शब्द गेले तर मागं राहतो तो वरातीतला ठोका, ज्याच्या आम्ही विरोधात आहोत.

थोरल्या भावाचं मत पडलं की वूफर अगदी नावापुरता ठेवावा. डॉक्टरांनी दिलेलं श्रवणयंत्र मामू बोलण्यासाठी वापरतात. ते गाण्याच्या वेळीही लावावं, म्हणजे शब्द थोडे तरी येतील. धाकट्याचं मत उलट. श्रवणयंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं, त्यातून गाणं पत्र्यासारखं वाजतं, मामूंनी तसं सांगितलेलंच आहे. दोन दिवस घरात यावर कुजबुज चालली. ज्यांच्यासाठी चालली होती त्यांना ती ऐकू येत नव्हती. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढं ठेवलं: ढोलक जास्त हवी की लफ्ज?

मामूंनी चष्मा लावून वाचलं आणि हसले. म्हणाले, "लफ्ज तो मुझे सब याद हैं, बेटा. तुम सिर्फ ठेका दो."

आम्हाला हे सुचलंच नव्हतं. चाळीस वर्षं तीच कॅसेट, त्याच रेकॉर्डी ऐकलेल्या माणसाला शब्द स्पीकरमधून यावे लागत नाहीत. शब्द त्यांच्याजवळ आहेत, शीन-काफासकट. कधी कुठला शब्द म्हणायचा, एवढं त्यांना कळायला हवं होतं, आणि ते ठेका सांगतो. त्या संध्याकाळी कुवेतहून आणलेली साबरी बंधूंची कॅसेट लावली. मामू दिवाणावर पाय खाली सोडून बसले आणि गायकाच्या बरोबरीनं ओठ हलवत राहिले. कुठंही चुकले नाहीत. पुढं मात्र ते नवी कव्वाली कधी ऐकू शकणार नाहीत, हेही आमच्या त्याच वेळी ध्यानात आलं. नव्याचे शब्द त्यांच्याजवळ नाहीत. हे वूफरनं होणारं काम नव्हे.

तिसऱ्या दिवशी सामाईक भिंतीपलीकडच्या काकू आल्या. मूळच्या अमळनेरच्या, बोलतात ती अस्सल अहिराणी. घरात सुनेला दीड महिन्याचं बाळ. भांडायला आल्या नव्हत्या, पण चेहरा बघून आम्ही समजलो. म्हणाल्या, "तुमना ढोल मन्हा ताटसमा वाजस, भाऊ." आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो आणि इकडे भाच्यानं कॅसेट लावली. गाणं असं काही ऐकूच येत नव्हतं, गायक नाही, हार्मोनियम नाही. फक्त भिंतीवरच्या मांडणीतली स्टीलची ताटं ढोलकच्या प्रत्येक थापेबरोबर किणकिणत होती. भिंतीचं असंच असतं. बारीक आवाज ती अडवते, जाड आवाज मात्र तिच्यातून निघून जातो. अर्ध्या विटेच्या भिंतीला धुळ्याच्या मातीच्या भिंतीची सर कुठून येणार?

गंमत म्हणजे कायद्याकडे गेलं असतं तर काकूंना काही मिळालं नसतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45, ही मर्यादा. पण ज्या मापानं हे डेसिबल मोजतात, त्या मापात खालच्या स्वरांची किंमत मुद्दाम कमी धरलेली असते. पन्नास हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलनं कमी करून लिहिला जातो. हे मापही मूळ त्या फ्लेचर-मन्सनच्या शोधावरूनच आलेलं. हळू आवाजात कानाला जाड स्वर कमी ऐकू येतात, म्हणून यंत्रानंही कमी मोजायचे. कानाच्या दृष्टीनं हिशेब बरोबर आहे, ताटांच्या दृष्टीनं नाही. वरातीतल्या खोक्यांनी छाती हादरते आणि मीटरवरचा आकडा मात्र त्या मानानं लहान दिसतो, त्यामागं हेही एक कारण आहे. ही पळवाट मिरवणूकवाल्यांना ठाऊक असो वा नसो, आपल्या समाजातल्या जाणत्यांनी तरी मीटरवर विसंबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पलीकडच्या घरात जाऊन उभं राहावं.

काकूंच्या ताटांसाठी आम्ही तीन गोष्टी केल्या. वूफरखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे जाड तुकडे घातले. वूफर सामाईक भिंतीपासून उचलून रस्त्याकडच्या भिंतीला नेला, म्हणजे रांगण्याचा कार्यक्रम पुन्हा झाला. आणि मामूंचा दिवाणच दोन फूट पुढं सरकवला, त्यामुळे वूफरचं बटण अर्ध्याहून खाली आणूनही त्यांच्या पायाला पूर्वीएवढीच थाप लागते. हा दिवाणाचा विचार काकूंचा. ट्यूबची कल्पनाही त्यांचीच, पिठाच्या गिरणीखाली त्या तसंच घालतात. मांडणीतली ताटं त्यांनी उभी होती ती आडवी करून ठेवली. वेळ ठरली असर ते मगरिब, बाळ त्या वेळी आईबरोबर बाहेर असतं. काकूंच्या घरात संध्याकाळची दिवाबत्ती होईपर्यंत मामूंची सुई उचललेली असते. हे कोणी कोणाला सांगून ठरवलेलं नाही.

1958 च्या 'अल हिलाल' चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली मामूंची सगळ्यात लाडकी. तिच्यावर वूफरचा फारसा फरक पडत नाही. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचं फार काही उतरलेलंच नाही आणि जे नाही ते वूफर आणणार कुठून? मामू ती लावतात तेव्हा पेटी जवळजवळ गप्प असते. ते तळहात दिवाणाच्या कडेवर ठेवून ठेका स्वतः धरतात.

आपा गेल्या ईदला आली तेव्हा दोन तास त्या खोलीत बसली. तिला आता देवपूरच्या फ्लॅटमध्ये असाच वूफर हवा आहे, तिच्या सासऱ्यांसाठी. भाच्यानं खोली मोजून आणली, पंधरा बाय अकरा. म्हणजे तिथं अडकणारा स्वर साडेसदतीसच्या आसपासचा, पेटी आणि नळी त्या हिशेबानं नव्यानं ठरवावी लागेल. पण काम अजून सुरू झालेलं नाही. आपानं आधी खालच्या मजल्यावरच्यांना विचारून यायला सांगितलं आहे. ते लोक लग्नाला सुरतेला गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील.